स्तनाच्या कॅन्सरचे उपचार आणि इंटरमिटंट फास्टिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी आहारतज्ज्ञ आहे. परळ-दादर भागात स्तनाच्या कॅन्सरच्या पेशंटना आहार सांगण्यात माझी बरीच वर्षं गेली. पूर्वी पहिला प्रश्न असायचा, "दूध चालेल का?" आता बाई खुर्चीत टेकायच्या आधीच मोबाईल पुढे करते. नणंदेने, शेजारणीने, नाहीतर सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी पाठवलेला मेसेज असतो: सोळा तास उपाशी राहा, कॅन्सरच्या पेशी आपोआप मरतात. पाठवणाऱ्याच्या मनात माया असते आणि वाचणारीच्या मनात भीती. या दोन्हींच्या मध्ये तिचं जेवण सुटतं. खालचे प्रश्न त्या खुर्चीतूनच आलेले आहेत. तुमच्या केमोचं औषध, वजन आणि रिपोर्ट तुमच्या डॉक्टरांना माहीत असतात, म्हणून शेवटचा शब्द त्यांचाच.

केमो चालू असताना इंटरमिटंट फास्टिंग करू का? एका वाक्यात सांगा.

स्वतःच्या मनाने करू नका.

रात्री आठला जेवून सकाळी आठला नाश्ता केला की बारा तास होतात. तेवढं अंतर बहुतेकींना चालतं आणि त्याला फास्टिंग म्हणायचीही गरज नाही. चौदा, सोळा, अठरा तास किंवा दोन-तीन दिवसांचं जवळजवळ उपाशी राहणं हे डॉक्टरांना न विचारता सुरू करायचं नाही.

इंटरमिटंट फास्टिंग आणि आपला उपवास एकच का?

नाही. लोक एकाच नावाखाली चार-पाच गोष्टी बोलतात, त्यामुळे गोंधळ होतो. सोळा-आठ म्हणजे दिवसातल्या आठ तासांतच खायचं. पाच-दोन म्हणजे आठवड्याचे दोन दिवस अगदी कमी खायचं. तिसरा प्रकार कॅन्सरवरच्या अभ्यासांत येतो. त्यात केमोच्या आधी काही दिवस ठरावीक, कमी प्रोटीनचं आणि कमी कॅलरीचं खाणं देतात, म्हणजे शरीराला उपाशी असल्यासारखं वाटतं. आणि महाराष्ट्रात दोन वेळाच जेवायची दीक्षित जीवनशैली घरोघरी पोचली आहे. ती वजन आणि मधुमेह डोळ्यांसमोर ठेवून सांगितलेली आहे, केमोसाठी नाही. नवऱ्याची शुगर तिने खाली आली, म्हणून केमो चालू असलेल्या बायकोनेही तेच करावं, हा हिशोब जुळत नाही.

आपल्या उपवासाचं तर उलटंच असतं. साबुदाण्याच्या खिचडीत कॅलरी भरपूर असतात, पण साबुदाण्यात प्रोटीन जवळजवळ नसतं. असेल ते दाण्याच्या कुटात. पोट भरतं आणि स्नायूंच्या हाती काही लागत नाही.

"उपाशी राहिल्यावर कॅन्सरच्या पेशी मरतात, याला नोबेल मिळालंय" हे खरं आहे का?

२०१६ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल जपानच्या योशिनोरी ओसुमी यांना मिळालं, हे खरं. ते ऑटोफॅजीच्या संशोधनाला मिळालं, म्हणजे पेशी आपलेच जुने, खराब झालेले भाग मोडून पुन्हा वापरते ती प्रक्रिया. त्यांचं मूळ काम यीस्टच्या पेशींवर होतं. उपवासाने कॅन्सर बरा होतो, असं त्या नोबेलमध्ये कुठेही नाही.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ऑटोफॅजी निरोगी पेशींपुरती नसते. वाढलेली गाठसुद्धा अडचणीच्या काळात तग धरायला तीच वापरू शकते. म्हणजे हे दुधारी शस्त्र आहे.

मग ही कल्पना आली कुठून? अमेरिकेत वाल्टर लाँगो यांच्या प्रयोगशाळेत उंदरांवर काम झालं. उपाशी ठेवल्यावर निरोगी पेशी वाढ थांबवून स्वतःला सांभाळतात, कॅन्सरच्या पेशींना तसं थांबता येत नाही, म्हणून केमोचा मार निरोगी पेशींना कमी बसेल, असा तो विचार. विचार चांगला आहे आणि त्यावर गंभीरपणे काम चालू आहे. पण उंदीर दोन दिवस उपाशी राहिला तर त्याला पहाटेची लोकल पकडायची नसते, आणि घरी येऊन कुकरही लावायचा नसतो.

माणसांवर अभ्यास झाला आहे का?

झाला आहे, आणि तोही स्तनाच्या कॅन्सरवरच. नेदरलँड्समधल्या या अभ्यासाचं नाव डायरेक्ट. २०२० मध्ये तो प्रसिद्ध झाला. दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यातल्या, हर-टू निगेटिव्ह (म्हणजे गाठीत हर-टू हे प्रोटीन वाढलेलं नसलेल्या) आणि मधुमेह नसलेल्या १३१ स्त्रिया त्यात होत्या. ऑपरेशनच्या आधीच्या केमोत एका गटाने केमोपूर्वी तीन दिवस आणि केमोच्या दिवशी उपवासासारखा आहार घेतला, दुसऱ्या गटाने नेहमीसारखं जेवण.

गंभीर दुष्परिणाम दोन्ही गटांत सारखेच राहिले. उपवासाच्या गटाला डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिलेलं नव्हतं, तरी त्रास वाढला नाही, ही जमेची बाजू. स्कॅनवर गाठ आकसण्याचं प्रमाण उपवासाच्या गटात जास्त दिसलं. पण ऑपरेशननंतर तपासलेल्या तुकड्यात कॅन्सर पूर्ण नाहीसा झालेल्यांच्या प्रमाणात फरक नव्हता.

आणि सगळ्या केमोंना हा आहार निभावून नेणाऱ्या किती? पाचातली एक. निवडून घेतलेल्या, पाठीशी डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ असलेल्या, डबाबंद तयार आहार मिळालेल्या स्त्रियांची ही गत होती. आपण घरी एकटीने, मोबाईलवरचा मेसेज वाचून हे करायला बघतो.

आशा आहे, पुरावा अजून अर्धवट आहे. तुमच्या हॉस्पिटलात असा अभ्यास चालू असेल आणि डॉक्टर विचारत असतील, तर त्यात जरूर भाग घ्या. तिथे तुमचं वजन, रक्त, शुगर सगळ्यावर लक्ष असतं.

रात्री तेरा तास न खाल्ल्याने कॅन्सर परत येत नाही, असं वाचलं. ते?

ते २०१६ च्या एका अमेरिकन अभ्यासातून आलं. सुरुवातीच्या टप्प्याचा स्तनाचा कॅन्सर झालेल्या, मधुमेह नसलेल्या २,४१३ स्त्रियांच्या खाण्याच्या नोंदी त्यात पाहिल्या होत्या. रात्रीचं अंतर तेरा तासांपेक्षा कमी असलेल्यांमध्ये आजार उलटण्याचा धोका ३६ टक्के जास्त दिसला. मृत्यूच्या प्रमाणात मात्र तसा ठाम फरक दिसला नाही.

हा नोंदींचा अभ्यास होता. लवकर जेवणाऱ्या बाया कदाचित नीट झोपतही असतील, चालतही असतील. नेमकं कशामुळे काय झालं, हे यातून सांगता येत नाही. तेव्हा केमोच्या ऐन धामधुमीत तेरा तासांचा अट्टहास नको. उपचार संपल्यावर याचा विचार करू, पुढे त्यावर लिहिलं आहे.

साखर खाल्ली की कॅन्सर वाढतो ना? पेट स्कॅनमध्ये तर तेच दिसतं.

या गैरसमजाचं मूळ पेट स्कॅनमध्येच आहे. स्कॅनच्या आधी चार ते सहा तास उपाशी ठेवतात, ग्लुकोजसारखं एक द्रव्य टोचतात आणि गाठ पडद्यावर चमकते. बघणाऱ्याला वाटतं, म्हणजे साखर बंद केली की गाठ उपाशी! पण आपण काही खाल्लं नाही तरी लिव्हर रक्तातली साखर टिकवून धरतं आणि गरज पडली तर त्यासाठी शरीर स्नायू मोडतं. गाठीला हवं ते ती त्यातूनही घेते. उपाशी राहून आधी झिजतात त्या तुमच्या मांड्या आणि दंड.

मिठाई, थंड पेयं, बिस्किटांचे पुडे कमी करा, ते सगळ्यांनीच करावं. केमोनंतर तोंडाला चव नसताना गुळाचा खडा किंवा अर्धा लाडू खाल्ला म्हणून रात्रभर जागू नका.

मला उलट वजन वाढायची भीती आहे. केमोत पाच किलो वाढले.

स्तनाच्या कॅन्सरमध्ये हे खूप बायकांचं होतं, आणि त्याचा अपराधीपणा त्या उगाच बाळगतात. स्टेरॉइडने भूक वाढते आणि अंगात पाणी धरतं. केमोने पाळी अवेळी थांबते. हालचाल कमी होते. भेटायला येणारा प्रत्येक जण काहीतरी गोड घेऊन येतो.

वजनकाट्यावर एक गोष्ट मात्र दिसत नाही. चरबी वाढत असतानाच स्नायू कमी होत असतात. अशा वेळी सोळा तास उपाशी राहिलं, तर काटा खाली येईल, पण त्यात स्नायूही जातील. जिना चढताना धाप, केसांना तेल लावायला हात वर करताना थकवा, ही स्नायू गेल्याची खूण. म्हणून वजन रोखायचं तर तेल-गोड-मैदा कमी करा, ताटातलं वरण-उसळ-अंडं-मासे तसंच ठेवा, आणि डॉक्टरांनी परवानगी दिली की रोज चाला. चाळीच्या गॅलरीत चाललात तरी चालेल.

केमोच्या दिवशी रिकाम्या पोटी जाऊ का? मळमळ कमी होते म्हणतात.

एका पेशंटची हकिगत सांगते. कळव्याला राहणारी, चाळिशीतली. बारा ते आठ अशी तिने खाण्याची वेळ ठरवली होती. केमोच्या दिवशी पहाटे साडेपाचला घर सोडलं, कागद करून, रक्ताचा रिपोर्ट दाखवून डे-केअरमध्ये नंबर लागला दुपारी एकला. बाराला ती डबा उघडणार होती, तेवढ्यात नाव पुकारतील म्हणून उघडला नाही. सलाईन संपलं साडेपाचला. तोपर्यंत मळमळ सुरू झालेली. गाडीत खाणं शक्यच नव्हतं. घरी पोचली तेव्हा आठ वाजून गेले होते, आणि नियम मोडायचा नाही म्हणून ती पाणी पिऊन झोपली. सकाळी न्हाणीघरात चक्कर येऊन पडली. माझ्याकडे आली तेव्हा तो डबा तिने मला दाखवला. दोन पोळ्या आणि मटकीची उसळ, चमचाही न लागलेली. ती म्हणाली, "मॅडम, मी तर सगळं नियमाने केलं हो."

मुंबईत केमोचा दिवस घड्याळाप्रमाणे चालत नाही. म्हणून घरून निघताना थोडं खाऊन निघा: मऊ भात-वरण, इडली, उकडलेलं अंडं, नाचणीची आंबील, जे सोसेल ते. तुडुंब नको, तळलेलं नको. पर्समध्ये राजगिऱ्याची वडी, भाजलेले दाणे, केळं ठेवा. मळमळीवरच्या गोळ्या सांगितलेल्या वेळीच घ्या. रिकाम्या पोटी ॲसिड वाढून मळमळ जास्तही होते, आणि स्टेरॉइडची गोळी उपाशीपोटी घेतली तर पोटात आग पडते. बाराच्या आत खायचं नाही म्हणून काळ्या कॉफीवर सकाळ काढणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवावं.

फास्टिंगमुळे औषधांच्या वेळा चुकतात का?

चुकतात, आणि हे फार कमी जणी विचारतात. कॅपेसिटाबिनच्या गोळ्या जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत घ्यायच्या असतात, सकाळी आणि संध्याकाळी, मध्ये साधारण बारा तासांचं अंतर ठेवून. आठ तासांच्या खिडकीत हे बसतच नाही. एक्झेमेस्टेन जेवणानंतर, नेराटिनिब जेवणाबरोबर. लॅपॅटिनिबचं बरोबर उलटं: खाण्याच्या निदान एक तास आधी किंवा एक तास नंतर. टॅमॉक्सिफेन, लेट्रोझोल आणि ॲनास्ट्रोझोल पोट भरलेलं असो वा रिकामं, चालतात. तुमची चिठ्ठी केमिस्टकडून नाही, केमो देणाऱ्या नर्सकडून किंवा डॉक्टरांकडून नीट समजून घ्या.

लाल केमो, म्हणजे डॉक्सोरुबिसिन, बहुतेक वेळा सायक्लोफॉस्फामाइडबरोबर देतात. या दुसऱ्या औषधाने मूत्राशयाला इजा होऊ शकते, म्हणून त्या एक-दोन दिवसांत भरपूर पाणी प्यायचं आणि लघवी तुंबवायची नाही. निर्जळी उपवास त्या दिवसांत धोक्याचाच.

मला मधुमेह आहे. फास्टिंगने शुगर उतरेल की.

वर सांगितलेल्या दोन्ही अभ्यासांत मधुमेह नसलेल्या स्त्रियाच होत्या, हे आधी लक्षात घ्या. तुमच्या बाबतीत धोका दोन्हीकडून आहे. स्टेरॉइडने शुगर चढते. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेऊन जेवण टाळलं की ती धोकादायक उतरते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांवर उपाशी राहिल्यास रक्तात आम्ल वाढून जिवावर बेतू शकतं, आणि त्यात शुगरचा आकडा फारसा वाढलेला नसतो, म्हणून चटकन लक्षातही येत नाही. मधुमेहाचे डॉक्टर आणि कॅन्सरचे डॉक्टर यांना एकमेकांच्या चिठ्ठ्या दाखवा. हे काम घरातल्या एका माणसाने अंगावर घ्यावं.

संकष्टी, सोमवार, हरतालिका यांचं काय? तीस वर्षं मोडली नाही.

हा प्रश्न विचारताना बायकांचे डोळे भरतात. आजारपणात देवाशी असलेला शब्दही मोडायचा, हे त्यांना सगळ्यात जड जातं. म्हणून मी कधीच "सोडून द्या" एवढंच म्हणून थांबत नाही.

संकष्टीला चंद्रोदय रात्री नऊ-दहाला होतो. दिवसभर चहावर राहून रात्री उशिरा भरपेट मोदक, हे केमोच्या पोटाला सोसत नाही. केमोच्या आठवड्यात आणि काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींचे आकडे, खाली असतात त्या दिवसांत उपवास नको. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात काउंट उतरतात. बाकीच्या वेळी मन मानत नसेल, तर "एकादशी, दुप्पट खाशी" ही म्हण या वर्षापुरती खुशाल पाळा: दूध, दही, पनीर, दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, वरईचा भात, फळं. दर दोन-तीन तासांनी थोडं, आणि पाणी चालू. हरतालिका निर्जळी नको, पूजा करा.

माझ्या एका पेशंटचे यजमान तिच्या वतीने संकष्टी धरू लागले. साठीचे गृहस्थ, आयुष्यात कधी उपवास न केलेले. चंद्र दिसला की तिला हाक मारून गच्चीवर न्यायचे. ती संध्याकाळी सातलाच जेवलेली असायची.

रोज्यांबद्दल कोकणी मुस्लिम भगिनीही विचारतात. आजारी माणसाला रोज्यातून सूट आहे, बरं झाल्यावर ते भरून काढता येतात. जैन घरांत सूर्यास्तानंतर खाणं-पाणी बंद असतं. तिथे रात्रीच्या गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांना सांगून पुढेमागे करून घ्याव्यात, गोळी गाळू नये.

दिवसाला किती प्रोटीन लागतं, आणि ते आठ तासांत का बसत नाही?

कॅन्सर पेशंटसाठी एस्पेन या युरोपीय संस्थेने दिलेलं माप असं: वजनाच्या दर किलोला रोज एक ग्रॅमहून जास्त प्रोटीन, जमल्यास दीड ग्रॅमपर्यंत, आणि २५ ते ३० कॅलरी. साठ किलोच्या बाईला साठ ते नव्वद ग्रॅम प्रोटीन आणि पंधराशे ते अठराशे कॅलरी.

आता ताट मांडून बघा. दोन अंडी: बारा ग्रॅम. दोन पेले दूध: बारा. दोन वाट्या घट्ट वरण किंवा उसळ: बारा ते चौदा. एक मध्यम बांगडा: सतरा-अठरा. तीन पोळ्या: नऊ. मूठभर दाणे: सात. बेरीज सत्तरच्या आसपास जाते. मासे-अंडी न खाणारीने बांगड्याच्या जागी शंभर ग्रॅम पनीर आणि अंड्यांऐवजी सोयाबीन किंवा मुगाचं धिरडं घ्यावं.

तोंड आलेलं, वास सहन न होणारी, दोन घासांत पोट भरणारी बाई हे सगळं दोन जेवणांत खाऊ शकत नाही. सहा-सात वेळा थोडं थोडं खाल्लं तरच ते पोटात जातं. आणि आपल्या घरांत बाई सगळ्यांचं वाढून शेवटी उरलेलं खाते. पातेल्यात तेव्हा वरणाचं पाणीच राहिलेलं असतं. घरच्यांना मी सांगते: या सहा महिन्यांत तिचं ताट पहिलं वाढा.

मी ठरवून फास्टिंग करत नाही, पण काही जातच नाही. काय करू?

शरीराच्या दृष्टीने दोन्ही सारखंच. गरम जेवणाचा वास नको वाटतो, तेव्हा गार खा: दहीभात, गार सातूचं पीठ दुधात, फळ-दुधाचं मिश्रण. तोंडाला धातूची चव येत असेल तर स्टीलऐवजी लाकडी किंवा प्लास्टिकचा चमचा वापरून बघा. तोंड आलेलं नसेल तर लिंबाची फोड, आमसुलाचं सार तोंडाला चव आणतं. आलेलं असेल तर आंबट-तिखट टाळा आणि मेतकूट-तूप-मऊ भातावर या. काउंट खाली असताना स्टेशनबाहेरचं सरबत, चिरलेली फळं, पाणीपुरी नको.

ऑपरेशन आणि रेडिएशनच्या वेळी?

भुलीसाठी साधारणपणे सहा तास जेवण आणि दोन तास साधं पाणी बंद ठेवतात. हॉस्पिटल सांगेल तेवढंच. "आदल्या दिवसापासूनच उपाशी राहते" असं करू नका. नंतर जखम भरायला प्रोटीन लागतं. रेडिएशनला, ज्याला बऱ्याच जणी लाईट म्हणतात, रोजचा प्रवास असतो. नंबर लांबतो. डबा सोबत असू द्या.

उपचार संपल्यावर फास्टिंग करता येईल?

आता बोलता येईल. केमो, ऑपरेशन, रेडिएशन संपलं, रक्त सुधारलं, वजन उतरत नाही, आणि फक्त हार्मोनची गोळी चालू आहे, तर रात्रीचं जेवण लवकर घेऊन बारा-तेरा तासांचं अंतर ठेवायला हरकत नसते. डॉक्टरांना विचारून सुरू करा. सकाळचा नाश्ता टाळण्यापेक्षा रात्रीचं जेवण अलीकडे आणणं मला जास्त पटतं. विरार-कल्याणला रात्री नऊला पोचणाऱ्यांनी ऑफिसमधून निघतानाच दुसरा डबा खावा, घरी येऊन पेलाभर पातळ ताक, बस.

लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोल किंवा एक्झेमेस्टेन चालू असेल तर हाडं ठिसूळ होतात. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि वजन उचलण्याचा थोडा व्यायाम खिडकीच्या तासांपेक्षा महत्त्वाचा.

मी दोन महिने करतेच आहे आणि डॉक्टरांना सांगितलेलं नाही. आता?

आज नेहमीसारखं जेवा आणि पुढच्या भेटीत सांगा. कुणी रागावलं तरी पाच मिनिटं. न सांगितल्याने मात्र चक्कर, थकवा, उतरलेलं वजन सगळं केमोच्या नावावर जातं, आणि डॉक्टर भलत्याच दिशेने शोधत राहतात. एका कागदावर लिहून न्या: कधीपासून, किती तास, त्या काळात पाणी पीत होतात का, कुठल्या गोळ्या कुठल्या वेळी, आणि दर केमोच्या दिवशी फाईलवर लिहिलेलं वजन. ते आकडे तुमच्या फाईलमध्ये आहेतच, एकाखाली एक लिहा.

ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त असेल, चक्कर येऊन पडलात, दिवसभर पाणीही टिकत नसेल, लघवी अगदी कमी किंवा लाल होत असेल, तर पुढच्या भेटीची वाट पाहू नका. लाल केमोनंतर एक-दोन दिवस लघवी तांबूस होते, ती औषधाच्या रंगाने. त्यापुढेही राहिली तर लगेच हॉस्पिटल गाठा, रात्र असली तरी.